कॉलेजांत गेलेल्या मुलांचे सात कागद

(उन्हाळ्याच्या सुटींत गांवच्या वाचनालयाच्या बैठकींत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आज येथें शेतकरी आहेत, सुतार-लोहार आहेत, कुंभारवाड्यांतील मंडळी आहेत आणि मागें भिंतीला टेकून बसलेल्या आयाबहिणीही आहेत. त्यांनीं जरा पुढें सरकावें, कारण आजचें निम्में बोलणें त्यांच्याशींच आहे. विषय साधा आहे. आपल्या गांवचीं अकरा मुलेंमुली यंदा निरनिराळ्या शहरांत कॉलेजांत व युनिव्हर्सिटींत शिकत आहेत. तीं सुटीला घरीं येतात. तुम्ही विचारतां, "कसें काय चाललें आहे?" तीं म्हणतात, "बरें चाललें आहे." झालें! आपण बैलाचीसुद्धां याहून जास्त विचारपूस करतों. चारा नीट खातो कां, रवंथ करतो कां, जुवानें खांदा सोलला कां, हें सारें हात लावून पाहतों. आणि ज्या पोरासाठीं सोसायटीचें कर्ज डोक्यावर घेतलें, त्याची चौकशी मात्र दोन शब्दांत आटोपते.

म्हणून यंदा मीं एक गोष्ट केली. मास्तराची खोड ती, दुसरें काय सुचणार! या अकरांपैकीं सात जण माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना शाळेंत बोलाविलें, हातांत एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलें कीं, मध्यें रेघ ओढा. एका बाजूला तिथलें काय आवडतें तें लिहा, दुसऱ्या बाजूला काय आवडत नाहीं तें लिहा. खालीं नांव घालूं नका. अक्षरावरून मी ओळखणारच, पण तें माझ्यापाशींच राहील. चारचौघांत वाचून दाखवूं कां, हेंही मीं त्यांना विचारलें आणि त्यांनीं होकार दिला आहे.

मी स्वतः युनिव्हर्सिटींत शिकलेला मनुष्य नाहीं. ट्रेनिंग कॉलेज झालें आणि हातीं खडू आला तो आजतागायत आहे. तेव्हां तिथल्या गोष्टी मी पदरच्या सांगत नाहीं, कागदांवरच्या सांगतों.

गंमत अशी झाली कीं, आवडीची बाजू सर्वांनीं भराभर लिहिली आणि नावडीची बाजू कोरीच राहिली. लेखण्या थांबल्या. शेवटीं एकानें हळूच विचारलें, "गुरुजी, हें आमच्या घरीं कळेल कां?" मी म्हटलें, कोणाचें काय तें कळणार नाहीं. मग मात्र जागा पुरेना; दोघांनीं तर कागद उलटून पाठीमागें लिहिलें. एवढ्यावरूनच तुम्हांला कळावें कीं "बरें चाललें आहे" या तीन शब्दांच्या मागें काय काय झांकलेलें असतें.

आतां आधीं आवडीचें. सातही कागदांवर पहिलें नांव वाचनालयाचें आहे. मला वाटलें होतें, पोरें सिनेमाचें आणि मोठमोठ्या दुकानांचें लिहितील. एका मुलीनें लिहिलें आहे कीं, रात्रीं उशिरापर्यंत दिवा आपला, टेबल आपलें, आणि 'पाणी आण', 'भाकरी टाक' म्हणून कोणी हांक मारीत नाहीं. भगिनींनो, हें वाक्य तिनें तुमच्यावर रागानें लिहिलेलें नाहीं. दोन खोल्यांचें घर, त्यांत सात माणसें, टी. व्ही.चा आवाज आणि ओट्यावर शेजाऱ्यांची बैठक. त्यांत ती बारावीपर्यंत कशी शिकली तें मला ठाऊक आहे. पहांटे चारला उठून वाची, कारण तेवढाच वेळ घर झोपलेलें असे.

दुसऱ्या एका कागदावर दगडाची गोष्ट आहे. हा मुलगा कोण तें तुम्ही ओळखालच, आणि ओळखलेंत तरी त्याची हरकत नाहीं, असें त्यानेंच मला सांगितलें आहे. त्याचा बाप पाथरवट. दगड कोठें फुटेल तें बापाला टांकीच्या आवाजावरून कळतें. पोरगा भूगर्भशास्त्र शिकतो. आपल्या माळावरचा हा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या पोटांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा आहे, त्याचे थरावर थर सांचून आपला देश हा उंच-सखल झाला, हें तो तेथें शिकला आणि त्या दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. सुटींत आल्यावर बापलेक खाणीच्या कडेला बसून तासभर त्या दगडावरच बोलत होते. बाप सांगत होता कोणता थर ठिसूळ, कोणता चिवट. पोरगा सांगत होता तसें कां. त्या दोघांत इतकें बोलणें पूर्वीं मीं कधीं ऐकलें नव्हतें. विद्या घेतलेलें पोर बापाच्या धंद्याला नाक मुरडतें, अशी आपल्याकडे ओरड आहे. काहीं मुरडतात, हें खरें. पण हा तसा नाहीं.

तिसरी आवड सोबत्यांची. एकाच्या खोलींत चौघे राहतात. एक नांदेडकडचा, एक कोंकणांतला, एक धनगराचा आणि हा आपला. चौघांच्या चार बोली, आणि एका ताटांत चौघांचे हात. आपल्या गांवांत अजून कोणाच्या ओट्यावर कोणी बसावें याचा हिशेब चालतो, हें तुम्ही जाणतांच. या बाबतींत आपण एक इतिहास लक्षांत ठेवला पाहिजे. खेड्यांतून कोल्हापुरास शिकावयास येणाऱ्या मुलांना राहावयास जागा नाहीं, हें पाहून शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं मराठा बोर्डिंग काढविलें आणि पुढें जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. त्या वेळीं लोकांच्या मनाची तयारी तेवढीच होती. पुढें भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्याच्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं आणून एका पंक्तीला बसविलीं. आज आपला पोरगा ज्या ताटांत जेवतो तें ताट असें फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलेलें आहे.

एका कागदावर फक्त एका शिक्षकाविषयीं लिहिलें आहे. हे गृहस्थ कायम नोकरींत नाहींत. जेवढे तास घ्यावेत तेवढ्याच तासांचे पैसे. सकाळीं एका कॉलेजांत, दुपारीं एस. टी.नें दुसऱ्या गांवीं. तरी वर्ग सुटल्यावर झाडाखालीं उभे राहून मुलांच्या शंका फेडतात. मुलानें लिहिलें आहे, "सरांच्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो, पण प्रश्नाला ते कधीं घाईचें उत्तर देत नाहींत." रयतेच्या मुलांना शिकविणारा असा राबतो, आणि त्याच्या नेमणुकीची जागा वर्षानुवर्षें रिकामी ठेवली जाते! यावर आपल्या पुढाऱ्यांना कोणी प्रश्न विचारतो कां? निवडणुकींत आपण रस्त्याचें विचारतों, पाण्याचें विचारतों. मास्तरांच्या रिकाम्या जागांचें कोणी विचारीत नाहीं.

आतां रेघेच्या दुसऱ्या बाजूला जाऊं.

एका मुलीनें आवडीच्या बाजूला लिहिलें आहे, "तेथें मी कोणाची कोण, हें कोणाला माहीत नसतें." आणि एका मुलानें नावडीच्या बाजूला जवळजवळ तेंच वाक्य लिहिलें आहे. मी दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवून बराच वेळ पाहत बसलों. मुलीला गांवांत दर पावलाला जाब द्यावा लागतो: कोठें निघालीस, कोणाशीं बोलत होतीस. शहरांत तो जाच नाहीं म्हणून तिला मोकळें वाटतें. मुलाला तेथें ताप आला तेव्हां तो तीन दिवस खोलींत पडून होता; सोबती परीक्षेसाठीं गेलेले; पाणी द्यावयासही कोणी नव्हतें. गांवांत असता तर तासाभरांत दहा बायका काढा घेऊन आल्या असत्या.

आणि हें 'माहीत नसतें' तरी कितपत खरें? आणखी दोघांनीं लिहिलें आहे कीं, नांव सांगितलें कीं लगेच पुढचा प्रश्न आडनांवाचा येतो, आडनांवानेंही उलगडा झाला नाहीं तर, "प्रवेश कशांतून मिळाला?" असें विचारतात. प्रश्न गोड आवाजांत असतो. पोरांना तो सुईसारखा टोंचतो. एकानें लिहिलें आहे कीं, आतां तो पहिल्याच दिवशीं आपणहून जात सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्याला कुतूहलाचा त्रास नको! हा मुलगा मला हुशार वाटला. पण एकोणीस वर्षांच्या पोराला अशी हुशारी शिकावी लागते, याची लाज त्यानें धरावयाची नाहीं, विचारणाऱ्यानें धरावयाची.

नंतर पोटाचें. मेसच्या आमटीविषयीं सर्वांनीं लिहिलें आहे. तें मी सोडून देतों, घरच्या आमटीपुढें सर्वच आमट्या पाणचट. पण एका कागदावर असें आहे: "शिष्यवृत्तीचे पैसे यावयास उशीर झाला म्हणून दोन वेळचा डबा एक वेळचा केला. दोन महिने. हें घरीं सांगूं नये." हा कोणाचा मुलगा तें मी सांगणार नाहीं. येथें ज्या ज्या घरांतलीं मुलें शिकत आहेत त्या सर्वांनीं तो आपलाच आहे असें समजावें आणि आज रात्रीं जेवतांना विचारावें.

अशा वेळीं आपल्यांतलेच काहीं वडीलधारे म्हणतात, "बाबासाहेबांनीं नाहीं कां उपाशी राहून विद्या मिळविली?" बाबासाहेब आंबेडकर १९२० सालीं दुसऱ्यांदा लंडनला गेले, अर्धपोटीं राहिले, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत दिवसच्या दिवस वाचीत बसले आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले, हें सारें खरें आहे. पण तें भुकेमुळें झालें नाहीं, भूक असूनही झालें. आणि ज्यानें ती भूक भोगली त्यानेंच पुढें मुंबईस १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें, १९५० सालीं औरंगाबादेस कॉलेज काढलें. आपण उपाशी शिकलों तसे तुम्हीही शिका, असें म्हणून तो घरीं बसला नाहीं. साताऱ्याच्या बोर्डिंगांत मुलांच्या जेवणाची पंचाईत पडली तेव्हां लक्ष्मीबाई पाटील यांनीं गळ्यांतलें मंगळसूत्र मोडावयास दिलें. उपास ही मुलाची परीक्षा आहे असें त्या माउलीला वाटलें नाहीं.

पैशाच्याच ओळीला लागून आणखी एक ओळ आहे. फीमाफीच्या अर्जाला खिडकीशीं उभें राहिलें कीं, आंतला मनुष्य भीक मागावयास आल्यासारखा पाहतो, असें एका मुलीनें लिहिलें आहे. तिला माझें उत्तर असें आहे, आणि तें सर्वांनीं ऐकावें. मुंबईची युनिव्हर्सिटी १८५७ सालीं निघाली. तिचे पहिले चार बी. ए. १८६२ सालीं झाले. चौघेही मोठे विद्वान, त्यांत रानडे आणि भांडारकर. पण त्या चौघांत नांगर धरणाऱ्याचें किंवा भाता ओढणाऱ्याचें पोर एकही नव्हतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं हेंच मांडलें कीं, सरकारचा वसूल येतो रयतेच्या घामांतून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. रयतेच्या मुलांना साधी अक्षरओळखही मिळत नाहीं. आज शेतसाऱ्याचें तें दिवस गेले, पण कराचें काय? साबणाच्या वडीवर, पायांतल्या चपलेवर, मोटारीच्या डिझेलवर कर भरतांच कीं नाहीं? त्याच तिजोरींतून ही फीमाफी येते. मुली, तूं खिडकीशीं मागावयास गेली नव्हतीस. तुझ्या आजा-पणजानें भरलेलें परत घ्यावयास गेली होतीस. ताठ उभी राहत जा.

इंग्रजीचें दुःख पांच कागदांवर आहे. शास्त्राचे तास इंग्रजींत चालतात. एकानें लिहिलें आहे कीं, प्रश्न मनांत मराठींत येतो, त्याचें इंग्रजी जुळवीपर्यंत तास संपतो. पहिले दोन महिने तो वर्गांत बोललाच नाहीं. मग एकदां धीर करून मराठींत विचारलें, तेव्हां मागच्या बाकांवरच्या तिघांनीं सुटकेचा श्वास सोडला, कारण त्यांनाही तेंच विचारावयाचें होतें! हें ऐकून येथील कोणी लगेच पोराला बालवाडीपासून इंग्रजी शाळेंत घालण्याची तयारी करूं नये. ज्याला मराठींत गणित समजलें आहे त्याला तें इंग्रजींत समजावयास वर्ष लागतें. ज्याला कोणत्याच भाषेंत समजलेलें नाहीं त्याचें काय करावें तें मला या व्यवसायांत इतकीं वर्षें काढूनही सांपडलेलें नाहीं.

वर्षाला दोन परीक्षा, त्यांचे लांबलेले निकाल, न झालेले तास, या तक्रारी आहेतच. पदवीनंतर काय, हीही धास्ती आहे. एकानें लिहिलें आहे कीं, त्याच्या ओळखीचे तिघे जण पदवी घेऊन सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठीं शहरांत खाटेचें भाडें भरीत बसले आहेत, एकाचें हें सहावें वर्ष. ते घरीं जात नाहींत, कारण घरीं गेलें कीं गांव विचारतें, "लागला कां नंबर?" निदान आपल्या गांवानें तरी हा प्रश्न विचारण्याचें सोडून द्यावें.

शेवटची गोष्ट मुलींची. सातांत तिघी मुली आहेत. तिघींनीं दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक अशी कीं, मुलींच्या वसतिगृहाचें फाटक लवकर लागतें; ज्या वाचनालयाचें एवढें कौतुक केलें तें मुलांना अकरापर्यंत आणि मुलींना साडेसातपर्यंत. कोणीं गुंडगिरी करावी आणि कोंडलें कोणाला जावें! दुसरी गोष्ट तिथली नसून आपल्या घरांतली आहे. दर आठवड्याला घरून फोन येतो, त्यांत निम्मा वेळ अभ्यासाची चौकशी आणि निम्मा वेळ स्थळाची. एकीचें एक वर्ष राहिलें आहे. स्थळ चांगलें आहे, मुलाला सात एकर बागाईत आहे, तें लोक श्रावणापूर्वीं उरकूं म्हणतात. तिनें लिहिलें आहे, "फोन वाजला कीं पुस्तकांतलें अक्षर दिसेनासें होतें." तिच्या वडिलांशीं मी काल बोललों आहें. ते आज येथें आहेत. त्यांनीं अजून हो म्हटलेलें नाहीं आणि नाहीं म्हटलेलें नाहीं. मीही येथें चारचौघांत त्यांना अडचणींत आणणार नाहीं. इतकेंच सांगतों कीं, वर्षभर थांबावयास तयार नसलेला जांवई पुढें कशाकशाला थांबेल याचाही विचार घरांत व्हावा.

आतां करावयाचें तें. मुलींच्या बाबतींत शासनानें २०२४ सालीं ठराव काढला आहे कीं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलींना ठरवून दिलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ. साधें कॉलेज असेल तर राजर्षि शाहूंच्या नांवाची फी-सवलत आहे, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठीं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाची मदत आहे. हे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. अडतें कोठें, तर तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशीं, जातीच्या दाखल्यापाशीं, आणि बँकेचें खातें आधारला जोडलेलें नसलें म्हणजे. मग पैसे मंजूर होऊनही लटकतात आणि पोरगा डबा अर्धा करतो. हे दाखले पेरणीच्या धांदलींत निघत नाहींत. ते आतां, मे महिन्यांत काढा.

पण सरकारी पैसा उशिरां येणार हें धरूनच चाला. म्हणून वाचनालयाच्या पंचांनीं आणि मीं मिळून एक बेत केला आहे. आपलीं चार मुलें एकाच शहरांत निरनिराळ्या ठिकाणीं भाडें भरून राहतात. त्यांच्यासाठीं दोन खोल्यांची एक जागा घ्यावी. भाडें चौघांनीं वांटून घ्यावें, आणि ज्वारी, तांदूळ, डाळ गांवानें द्यावी. साताऱ्याचें बोर्डिंग गांवोगांवच्या अशाच धान्यावर चाललें होतें. आपला भाजीचा टेंपो मंगळवारीं आणि शुक्रवारीं त्याच शहराच्या मार्केटांत जातो. धान्याचें पोतें त्यांत जाईल. टेंपोवाल्यानें भाडें घेणार नाहीं असें आधींच सांगितलें आहे. ज्यांचीं मुलें शिकत नाहींत त्यांनींही पायली-दोन पायली द्यावी अशी आमची विनंति आहे. खोलींत तिथल्या आपल्या कोणाचाही मुलगा दुखण्यांत दोन दिवस टेंकूं शकेल, अशी अटच घालूं.

धान्याचीं नांवें आज वाचनालयाच्या वहींत लिहून घेत आहेत. दाखल्यांसाठीं सातबारा, रेशनकार्ड, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचें पुस्तक एवढे कागद घेऊन शाळेंत यावें. सुटी असली तरी मी रोज संध्याकाळीं चारपासून सहापर्यंत तेथें असतों. ज्यांना सही येत नसेल त्यांनीं मुलालाच बरोबर आणावें.